छत्तीसावा सेकंद

आज अंबाजोगाईत मित्राच्या लघुपटाला संगीत द्यायला बसलो. पहिलीच वेळ. दृश्य दीड मिनिटाचं: आजी रिकामी घागर घेऊन टँकरची वाट बघतेय.

घरून पेटीवर करुण चाल बांधून नेली होती. चित्रावर लावली आणि लगेच कळलं, आजीच्या डोळ्यांत जे आधीच आहे तेच माझी चाल मोठ्यानं सांगतेय. दोन रात्रींची मेहनत होती, जिवावर आलं, पण काढली.

मग आधी संगीत कुठं सुरू करायचं, कुठं थांबवायचं ते ठरवलं. याला स्पॉटिंग म्हणतात. माझ्या मते निम्मं काम तिथंच होतं.

पुढचा हिशेब मला फार आवडला. पडद्यावर सेकंदाला २४ फ्रेम. मिनिटाला ६० मात्रांची लय धरली तर एक मात्रा २४ फ्रेमची, ८० धरली तर १८ ची. संगीत सुरू झाल्यावर ३६ व्या सेकंदाला आजी मान वर करते. ६० च्या लयीत तिथं सोळा मात्रांच्या तीनतालाची पाचवी मात्रा येत होती. ८० ला तालाची तीन आवर्तनं पुरी होऊन बरोबर सम, म्हणजे पहिली मात्रा!

गल्लीतल्या गोंधळी काकांना तुणतुणं घेऊन बोलावलं. म्हटलं, "काका, एकच सूर धरा." "एकच? धरतो की." बोट तारेवर इतकं हलकं पडलं की अंगावर काटा आला.

टँकर आल्यावर नुसता घागरीत पडणाऱ्या पाण्याचा आवाज ठेवलाय. तिथं काहीच वाजवलं नाही.