असू दे, दमून आलाय

एकादशी, शुक्रवार, रात्री साडेअकरा

झोप येईना म्हणून लिहायला बसलोय. अंग ठणकतंय, डोळे चुरचुरतायत आणि आमच्या भजनातल्या आण्णांचं ते एक वाक्य काही केल्या डोक्यातून जात नाही. "असू दे रे, त्याला नको वाजवायला लावू. दमून आलाय." किती मायेनं म्हणाले! आणि त्या मायेचाच मला त्रास होतोय.

झालं एवढंच. आज माल वेळेत निघाला, गाडी सातच्या आत गेटबाहेर पडली, म्हणून बेळगावच्या उद्यमबागेतल्या फौंड्रीतून येताना घरी न वळता थेट देवळात गेलो. डब्याची पिशवी खांद्यालाच. भजन लागायचं होतं. मृदंगाशी आक्काचा धाकटा बसलेला. भिजवलेली कणीक धुमेवर, म्हणजे डाव्या तोंडावर, लावत होता. अंगठ्यानं कडेकडेनं पसरवायची, थाप मारून कान द्यायचा, आवाज बसका वाटला की नखानं थोडी खरवडायची, परत थाप. त्याला हे सगळं मीच शिकवलंय. मला बघून तो उठायला लागला. "मामा, बसा की ओ तुम्ही." तेवढ्यात आण्णा बोलले. कुणीतरी भिंतीजवळ सतरंजी सरकवली, कुणी पाणी आणून दिलं, आणि मी पाहुण्यासारखा टेकून बसलो.

सुरुवातीची पंचपदी संपून गौळण लागेपर्यंत तसाच बसून होतो. पोरगा छान वाजवतो. त्याच्याबद्दल मनात काही आलं नाही, अभिमानच वाटला. मग इतकं लागलं कशाला? जागा गेली म्हणून? तसंही वाटत नाही. पूर्वी संध्याकाळी गल्लीतून जाताना दारादारातून हाक यायची, "येतंस न्हवं आज?" नाही गेलो की दुसऱ्या दिवशी शिव्या ठरलेल्या. त्या हाका केव्हा बंद झाल्या ते कळलंही नाही. कुणी रागावलं नाही, कुणी मुद्दाम टाळलं नाही. याला वेळ नसतो, कशाला विचारून बिचाऱ्याला अवघडवायचं, असं प्रत्येकानं समजून घेतलं. समजून घेता घेता मला हिशेबातूनच काढून टाकलं.

घरातही तेच. खालच्या शेतातलं बासमती कधी कापायचं ते आईनं चुलत्यांना विचारून ठरवलं. मी म्हटलं, मला का नाही सांगितलंस? तर म्हणाली, "तुझी ड्युटी असते की रे बाळा." शाळेच्या मीटिंगचं तर... जाऊ दे, ते आज नको.

आणि कारखान्यात? तिथं मला न विचारता पान हलत नाही. रात्री दोनला फोन: साहेब, कोअर कमी पडलेत, पुढच्या हीटला कुठला पार्ट घेऊ? (कोअर म्हणजे साच्यातले वाळूचे गाभे, हीट म्हणजे भट्टीतला एक वितळ.) महिनाअखेर आली की रविवारही गेला. १९४८ च्या कारखाना कायद्यानं आठवड्याचे ४८ तास बांधून दिले, जादा तासाला दुप्पट मजुरी ठरवली, पण ती कामगारासाठी. देखरेख करणारे आम्ही त्या मर्यादेबाहेर. कर्नाटकानं २०२३ साली दिवसाला १२ तासांपर्यंत काम घ्यायची मुभा दिली, तरी आठवड्याचे ४८ तास कायम ठेवले आणि कामगाराची लेखी संमती घालून ठेवली. माझी संमती कधी कुणी मागितली? तिकडं मी असणारच हे धरून चालतात, इकडं मी नसणारच हे धरून चालतात. दोन्हीकडं विचारत कुणीच नाही. आज छातीत जे रुतलंय ते हेच असावं.

आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास करणाऱ्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकारानं मरण्याचा १७ टक्क्यांनी जास्त, असं जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं २०२१ मध्ये सांगितलं. हिनं ते आकडे कॅलेंडरच्या मागं लिहून ठेवलेत, बीपीच्या गोळ्या ठेवते तिथंच. तोंडानं एक शब्द बोलत नाही.

गौळणीला मात्र मी उठलो. खुंटीवरचे टाळ घेतले आणि मागच्या ओळीत उभा राहिलो. पहिली दोन कडवी हात लयीत बसेना, पोरगा ठाय, म्हणजे संथ लय, सोडून चांगलाच पुढं गेलेला. तिसऱ्याला जमलं. मृदंग आता माझ्याच्यानं होणार नाही, त्याला रोजचा हात लागतो आणि माझी बोटं जड झालीत. लिहायला बसताना वाटलं होतं त्यापेक्षा हे कमी दुखतंय. टाळकऱ्याचं बरं असतं. आठला पोचलो तरी ओळीत शिरता येतं, कुणाचं अडत नाही, आणि आवाज आपलाही असतो. मला एवढं पुरेल. खरंच पुरेल.

निघताना आण्णांना म्हटलं, पुढच्या एकादशीला मला हाक मारा. त्यांनी निरखून बघितलं. "येशील?" म्हटलं, नाही आलो तर शिव्या द्या, पण विचारायचं सोडू नका. त्यांनी पाठीवर हात ठेवला, बोलले काही नाहीत.

महिन्यातून दोन एकादशा. त्या दिवशी साडेसहाला निघणार, हे साहेबांना सांगायचं. घरी काम आहे वगैरे नाही, भजनाला जायचंय असंच सांगणार. नाही म्हणाले तर पुढं काय, ते ठरलेलं नाही. रात्रीचे फोन मात्र कमी करता येतील. बहुतेक सगळे त्याच तीनचार गोष्टींसाठी येतात: आधी कुठला पार्ट, कुठला कोअर किती शिल्लक, गाडी किती वाजता, रिजेक्शन वाढलं तर कुणाला विचारायचं. हे सगळं माझ्या डोक्यात आहे, कागदावर कुठंच नाही. पाळी बदलताना एकानं दुसऱ्याच्या हातात द्यायचा एक तक्ता केला पाहिजे. तिसऱ्या पाळीचा सुपरवायझर बैलहोंगलकडचा, त्याला कन्नडच सोयीचं. मला कन्नड बोलायला येतं, लिहिताना अडतं, म्हणून स्टोअरमधल्या पोराला बरोबर बसवावं लागेल. रविवारी सकाळी बसून करून टाकतो.

नको, रविवारी नको. सोमवारी, कामाच्या वेळात.