अकरा जणांचा वर्ग

मंगळवार, रात्री

फॉल (ऑगस्ट ते डिसेंबर) सेमिस्टर सुरू व्हायला आठवडा उरला आहे. दुपारी डीनबाईंसमोर यादी घेऊन बसले होते. वर्गाचा क्रमांक, वार, वेळ, खोली, शिकवणारं कोण, जागा किती, भरल्या किती. भरलेल्या जागा वीसच्या खाली असतील ती ओळ पिवळी. आमच्या गणित विभागाच्या पानावर पिवळा रंग बराच होता, पण बोलणं अडलं ते एकाच ओळीवर: कॅल्क्युलस ३ (कलनशास्त्राचा तिसरा कोर्स), सोमवार-बुधवार, संध्याकाळी सहा ते आठ. जागा ३५, नावं ११.

"एवढासा वर्ग चालवायचा म्हटलं तर वर काय सांगू?" डीनबाईंनी विचारलं. त्यांचा प्रश्न रास्त आहे. त्यांच्यावरही कुणीतरी आहे आणि त्या कुणाच्या तरी हातातही असाच कागद आहे.

कॅलिफोर्नियात आमच्यासारखी ११६ कम्युनिटी कॉलेजं, म्हणजे दोन वर्षांची सरकारी कॉलेजं, आहेत. फी युनिटला (म्हणजे एका क्रेडिटला) ४६ डॉलर, २०१२ पासून तेवढीच, आणि ज्यांना परवडत नाही त्यांना तीही माफ. म्हणजे कॉलेज चालतं ते सरकारी पैशावर, आणि तो पैसा बऱ्याच अंशी पटावर. डोकी मोजत नाहीत, तास मोजतात. आठवड्याला १५ तास असे ३५ आठवडे, म्हणजे ५२५ तास भरले की एक पूर्णवेळ विद्यार्थी झाला. अर्धवेळ येणारी दोन-तीन माणसं मिळून कागदावर एक होतात. शिक्षकाच्या बाजूनं मोजायचं मापही पुन्हा ५२५ च. आठवड्याचे १५ तास गुणिले वर्गात सरासरी ३५ विद्यार्थी. अकराच बसले, तर उरलेल्या चोवीस खुर्च्या विभागातल्या दुसऱ्या कुठल्या तरी वर्गानं भरून द्यायच्या. आमचा कुठलाच वर्ग इतका दुथडी भरून वाहत नाही.

२०१८ पासून निधीचं सूत्र बदललं. ढोबळमानानं ७० टक्के पटावर, २० टक्के गरजू विद्यार्थी किती आहेत त्यावर, आणि १० टक्के पदवी, प्रमाणपत्र, बदली या यशावर. बदली म्हणजे इथली दोन वर्षं संपवून विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जाणं. मी आज तेवढाच मुद्दा धरून बसले. अकरा जणांचा वर्ग बंद केला की ७० टक्क्यांच्या रकान्यात थोडं वाचेल, पण १० टक्क्यांच्या रकान्यात जी नावं जायला हवीत ती हीच अकरा आहेत. कॅल्क्युलस ३ पर्यंत पोचलेलं पोरगं उगाच आलेलं नसतं. बीजगणितापासून गाळत गाळत इथवर किती थोडे पोचतात, ते मी रोज बघते.

गुरुवारपर्यंत मुदत मागून घेतली. मिळाली.

घरी आल्यावर त्या अकराही जणांना वेगवेगळी मेल केली. एकच विचारलं: हा वर्ग झाला नाही तर तुम्ही काय कराल?

बुधवार

आज दिवसभर मनात पट का घटतो हेच घोळत होतं. बैठकांमध्ये याचं उत्तर एका शब्दात देतात: कोविड. ते खरं आहे, पण अर्धंच. राज्यभरातली वार्षिक विद्यार्थिसंख्या २१ लाखांच्या घरात होती ती २०२१-२२ मध्ये १८ लाखांच्या घरात आली. त्यानंतर आकडा पुन्हा चढू लागला, पण त्या चढण्यात हायस्कूलमध्ये बसूनच आमचा कोर्स करणाऱ्या शाळकरी मुलांचा वाटा बराच आहे. संध्याकाळी कामावरून थेट वर्गात येणारा जो तिशीतला माणूस होता, तो फारसा परतलेला नाही.

या कॉलेजांचं एक उलटं आहे. नोकऱ्या गेल्या की पट वाढतो, नोकऱ्या आल्या की घटतो. २००८ च्या मंदीनंतर माणसं दारात उभी होती आणि नेमका तेव्हाच राज्यानं हात आखडता घेतल्यामुळे वर्ग कापावे लागले. आज एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या कायद्यामुळे बर्गरच्या मोठ्या साखळ्यांमध्ये तासाला किमान २० डॉलर मिळतात. घरभाडं भरायचं असताना अठराव्या वर्षी त्या पैशाकडे पाठ फिरवा, असं मी कुठल्या तोंडानं सांगू? पुढचंही दिसतंच आहे. अमेरिकेत २००७ साली ४३ लाखांवर मुलं जन्मली, तो उच्चांक होता. ती मुलं आता अठराची झाली. यापुढच्या वर्षांत अठरा पूर्ण करणारी मुलंच कमी असणार.

गणित विभागाला आणखी एक कारण आहे. २०१७ च्या एबी ७०५ या राज्याच्या कायद्यानं पूर्वतयारीच्या वर्गांची जुनी शिडी जवळपास मोडून टाकली आणि २०२२ च्या एबी १७०५ नं उरलीसुरलीही काढली. अंकगणित, मग प्राथमिक बीजगणित, मग माध्यमिक, आणि मग कुठे पदवीला धरला जाणारा पहिला कोर्स. त्या शिडीवर माणसं पायरीपायरीला गळत होती, म्हणून कायद्याचा हेतू मला मनापासून पटतो. पण त्या पायऱ्यांवर आमचे कितीतरी वर्ग उभे होते. ते गेले, त्यांच्याबरोबर ते शिकवणाऱ्यांचं कामही गेलं, आणि वेळापत्रक तयार करताना इकडचं तिकडे सरकवायला जी मोकळीक असायची तीही गेली.

तरी माझ्या मते सगळ्यात मोठं कारण आमच्याच हातातलं आहे, आणि ते वेळापत्रक आहे. गावाकडे एसटीच्या फेरीचं होतं तेच इथे होतं. प्रवासी कमी म्हणून संध्याकाळची फेरी बंद होते, आणि फेरीचा भरवसा नाही म्हणून उरलेले प्रवासी वडापनं जायला लागतात. मग पुढच्या वर्षी डेपो म्हणतो, या मार्गावर मागणीच नाही. आमच्याकडे गेल्या फॉलला संध्याकाळचा डिफरन्शियल इक्वेशन्सचा, म्हणजे कॅल्क्युलस ३ नंतरचा, वर्ग आयत्या वेळी रद्द झाला. यंदा संध्याकाळच्या कॅल्क्युलस ३ ला नावं कमी आहेत, याचं नवल कुणाला वाटावं? ज्यांनी तेव्हा हात पोळून घेतले त्यांनी वाट बदलली.

महाराष्ट्रात मी शिकले तेव्हा एफवायला प्रवेश घेतला की वेळापत्रक फलकावर लागायचं आणि आम्ही त्यात मुकाट बसायचो. विषय ठरलेले, तुकडी ठरलेली. इथे प्रत्येक माणूस आपली नोकरी, आपलं मूल, आपली बस धरून एकेक वर्ग निवडतो आणि आपलं वेळापत्रक स्वतः बांधतो. त्यातली एक वीट काढली की सगळी भिंत बसते. पिवळ्या ओळीत हे दिसत नाही.

गुरुवार, उशिरा

आठ जणांची उत्तरं आली.

दोघांनी लिहिलं, सकाळच्या वर्गात येऊ. एक जण शेजारच्या कॉलेजात ऑनलाइन करेन म्हणाला. एकीनं उलट मलाच विचारलं, की मग फिजिक्सचं काय? ती मंगळवार-गुरुवारी फिजिक्सला येते. नवरा संध्याकाळी पाचला कामावरून येतो, मग ती मुलांना त्याच्याकडे सोपवून निघते. कॅल्क्युलस होणार नसेल तर एकट्या फिजिक्ससाठी ही ओढाताण करण्यात अर्थ नाही, असं तिचं म्हणणं. म्हणजे एका वर्गाचा खर्च वाचवायला जाऊन दोन वर्गांतलं नाव जाणार. उरलेले चौघं सिव्हिल किंवा मेकॅनिकल इंजिनिअरिंगसाठी विद्यापीठात जायचं म्हणणारे. युसीचे (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचे) अर्ज ऑक्टोबर-नोव्हेंबरात भरायचे, प्रवेश पुढच्या फॉलला, आणि त्याआधी स्प्रिंग, म्हणजे जानेवारीनंतरचं सेमिस्टर, संपेपर्यंत गणिताची साखळी पूर्ण हवी. आमच्याकडे संध्याकाळचं डिफरन्शियल इक्वेशन्स आता फक्त स्प्रिंगला असतं आणि त्याला कॅल्क्युलस ३ झालेलं लागतं. आत्ता हा वर्ग हुकला तर त्यांचं सेमिस्टर जात नाही, वर्ष जातं.

ही उत्तरं नावं काढून एका पानावर उतरवली आणि डीनबाईंना दिली. त्यांनी ती पूर्ण वाचली. वाचता वाचता एकदा थांबून, "फिजिक्सचं माझ्या लक्षातच नव्हतं आलं," म्हणाल्या. मला तेवढ्यासाठी त्यांच्याबद्दल आदर वाटला.

दुसरा कागदही सोबत नेला होता: ऑनलाइन स्टॅटिस्टिक्स. ४५ जागा, ४५ भरलेल्या, वर लांबलचक वेटिंग लिस्ट. यादीत ती ओळ स्वच्छ पांढरी. पण त्यातली कितीतरी नावं माणसांची नाहीतच. २०२१ पासून आम्ही हे भूत सोसतो आहोत. चोरलेल्या किंवा बनावट ओळखी वापरून टोळ्या अर्ज करतात, शिष्यवृत्तीचे पैसे खात्यात पडेपर्यंत नाव ठेवतात आणि गायब होतात. म्हणून शिकवणाऱ्यानं पहिल्याच दिवशी दोन ओळी लिहायला सांगायच्या, जे लिहिणार नाहीत त्यांना काढायचं. आता तर टोळ्या त्या दोन ओळीही यंत्राकडून लिहून पाठवतात, त्यामुळे काही शिक्षक एकेकाला व्हिडिओवर बोलावतात. एकेका खऱ्या विद्यार्थ्याची जागा अडवून बसलेली ही नावं मोजणीच्या दिवसाआधी उपटून काढावी लागतात. मोजणीचा दिवस साधारण सत्राचा पाचवा हिस्सा सरला की येतो, आणि त्या दिवशी पटावर जे असतील त्यांचेच पैसे मिळतात. भुतांनी भरलेली ओळ पांढरी आणि अकरा जित्याजागत्या माणसांची ओळ पिवळी, असल्या रंगांवर निर्णय घेऊ नका, एवढंच माझं म्हणणं होतं.

वर्ग राहिला. मोजणीच्या दिवशी निदान दहा नावं हवीत, ही अट.

त्याची किंमत मात्र दुसऱ्या माणसानं मोजली. दुपारचे स्टॅटिस्टिक्सचे दोन वर्ग निम्मे निम्मे भरले होते, ते एकत्र करावे लागले. त्यातला एक ज्यांच्याकडे होता ते अर्धवेळ शिकवतात. आपल्याकडे तासिका तत्त्वावर शिकवणारे प्राध्यापक जसं जगतात, तसंच. एका डिस्ट्रिक्टमध्ये (एकाच व्यवस्थापनाखालच्या कॉलेजांत) पूर्णवेळच्या ६७ टक्क्यांहून जास्त काम कायद्यानं देता येत नाही, म्हणून तीन गावांतल्या तीन कॉलेजांत शिकवायचं आणि मधले तास फ्रीवेवर काढायचे. यांना इथे फ्रीवे फ्लायर म्हणतात. मी मेल न करता फोन केला. ते गाडीतच होते. आमचा वर्ग आहे म्हणून त्यांनी दुसऱ्या कॉलेजचा त्याच वेळेचा वर्ग जूनमध्येच नाकारला होता. "यू डिड व्हॉट यू कुड," म्हणाले. मग थोडं थांबून आरोग्यविम्याचं विचारलं, तास कमी झाल्यावर तो राहील का. उद्या कचेरीत विचारून सांगते म्हटलं. आत्ता रात्री हे लिहिताना तोच फोन मनातून जात नाही. वर्ग रद्द करण्याचा हिशेब होतो तेव्हा या माणसाचा रकाना कुठल्याच कागदावर नसतो.

शनिवार

विम्याचं उत्तर मिळालं. आणखी एका युनिटभराचं काम मिळालं तर त्यांचा विमा टिकेल. गणिताच्या शिकवणी केंद्रात देखरेखीचे तास आहेत, ते त्यांना द्यायची विनंती काल केली आहे.

आज घरी बसून दोन वर्षांचं वेळापत्रक मांडलं. चार सेमिस्टर, फक्त कॅल्क्युलस १ पासून पुढची साखळी. संध्याकाळी काय केव्हा असेल, सकाळी काय केव्हा असेल. फिजिक्सच्या विभागप्रमुखांशी सकाळी बोलले. ते म्हणाले, तू वार सांग, मी त्याला धरून लावतो. आमच्याच डिस्ट्रिक्टमध्ये दुसरं कॉलेज वीस मिनिटांवर आहे. तिथे डिफरन्शियल इक्वेशन्स फॉलला संध्याकाळी आणि आमच्याकडे स्प्रिंगला, असं वाटून घेतलं तर दोघांकडे दहा-दहा जणांचे वर्ग रडतखडत चालवण्याऐवजी प्रत्येक वेळी एकच धड भरलेला वर्ग होईल. काही कॉलेजांनी सोळा आठवड्यांचे कोर्स आठ-आठ आठवड्यांवर आणले आहेत. टेक्सासच्या ओडेसा कॉलेजनं ते २०१४ पासून केलं. स्टॅटिस्टिक्सला मी ते करून बघेन. कॅल्क्युलस ३ ला मात्र नाही. दिवसभर काम करून आलेल्या माणसाच्या डोक्यात तिहेरी समाकलन मुरायला आठवडे लागतात.

या कागदावर एक ओळ मला ठळक छापून हवी आहे: या साखळीतला वर्ग पट कमी आहे म्हणून रद्द होणार नाही. त्यावर सही डीनबाईंची चालणार नाही, कॉलेजच्या उपाध्यक्षांची लागेल. त्यांची वेळ मिळाली आहे बुधवारी साडेतीनची. त्या दिवशी अकरा जणांच्या वर्गाचा दुसरा तास असेल, आणि आज सकाळी यादी उघडली तर नावं चौदा झाली होती.