केरीत अडकलेलं छप्पर आणि डिचोलीचा मिस्त्री

कोल्हापूरहून गोव्याला ट्रेलर ओढत न्यायचा तर आजरा, आंबोली, सावंतवाडी, बांदा ही वाट आम्हाला सोयीची पडते. आमचा ट्रेलर घडीच्या छपराचा आहे. रस्त्यावर असताना बसका, मुक्कामी बटण दाबलं की वरचा अर्धा भाग उचलला जातो आणि आत ताठ उभं राहता येतं. बसका असल्यामुळे घाटात वारा लागत नाही. पत्रादेवीला गोव्यात शिरलो, पेडण्यावरून केरीला गेलो आणि सुरूच्या बनामागे ओळखीच्यांच्या वाडीत ट्रेलर लावला. इथवर सांगण्यासारखं काही नाही.

बटण दाबलं, छप्पर अर्ध्यावर आलं आणि मोटरचा आवाज बदलला. भरल्या पंपाची घरघर जाऊन चिरका, रिकामा आवाज यायला लागला. छप्पर थांबलं आणि मग डोळ्यांना जेमतेम कळेल इतक्या संथपणे खाली यायला लागलं. सासूबाई डबे काढायला आत निघाल्या होत्या, त्यांना दंडाला धरून मागे ओढलं.

असा ट्रेलर असणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की समजून घ्यावी. छप्पर चार कोपऱ्यांवर, चार तारदोरांवर तोललेलं दिसतं, त्यामुळे एक निकामी झाला तरी तीन आहेत असं मनाला वाटतं. पण आमच्यासारख्या रचनेत चारही दोर पुलींवरून फिरून चासीखालच्या, तेलाच्या दाबावर चालणाऱ्या एकाच सिलिंडरला जोडलेले असतात. सिलिंडरने दाब सोडला की चारही कोपरे एकदमच खाली येतात. म्हणून टेकू लागल्याशिवाय आत हातसुद्धा घालायचा नाही, चार्जर राहिला असला तरी.

टेकू कुठून आणायचे? शेजारी एका घराचा स्लॅब घालायचं काम चालू होतं. तिथल्या सेंट्रिंगवाल्याने आटे फिरवून उंची बसवता येणारे चार लोखंडी टेकू रात्रीपुरते दिले. गोव्यात दर दुसऱ्या गल्लीत बांधकाम चालू असतं, त्यामुळे हा उपाय कुठेही चालेल. टेकू चौकटीच्या लोखंडाखाली घ्या, पत्र्याखाली नको. खाली जाड फळी हवीच, नाहीतर टेकू वाळूत रुततो.

आता बिघाड कसा ओळखायचा ते. बटण दाबल्यावर नुसतं ‘टक्’ होऊन मोटर फिरत नसेल तर दोष बहुधा विजेचा असतो: बॅटरी उतरलेली, रिले (मोटरला वीज सोडणारा स्विच) जळालेला किंवा अर्थिंगचं टोक खाऱ्या हवेने हिरवं पडलेलं. टोकं घासून, ओढणाऱ्या गाडीचं इंजिन चालू ठेवून पुन्हा बघा. मोटर फिरते पण छप्पर चढत नाही, तर तेलाकडे वळा. टाकीत तेल पुरेसं आहे, बाहेर गळतीही नाही आणि तरी छप्पर खाली सरकतं, तर उतरवण्याच्या व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला असण्याची शक्यता मोठी. आमची टाकी जवळजवळ रिकामी होती आणि सिलिंडरच्या तोंडाखाली वाळू काळी झाली होती, म्हणजे तेल आत अडवणारं रबरी सील गेलं होतं. गळती हाताने चाचपू नका. दाबातल्या तेलाची बारीक धार कातडीतून आत शिरते, जखम टाचणीएवढी दिसते आणि बोट गमवायची वेळ येते. पुठ्ठा फिरवून बघायचं.

सकाळी किनाऱ्यावर चौकशी केली तर जो तो स्कूटरच्या गॅरेजचा पत्ता सांगे. हायड्रॉलिकचं, म्हणजे अशा तेलाच्या दाबावरच्या यंत्रांचं काम गोव्यात किनाऱ्याकडे शोधू नका, आत खाणपट्ट्याकडे जा. डिचोली, साखळी, उसगाव, कुडचडे या भागांत लोहखनिजाचे टिपर वर्षानुवर्षं धावले, आणि टिपर म्हणजे चाकांवरचा सिलिंडरच. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, पुन्हा २०१८ मध्ये थांबल्या, तरी जेसीबी आणि टिपरची कामं करणारे हात तिथेच आहेत.

ट्रेलर न्यायची गरज नाही. टाकीत थोडं तेल घालून छप्पर टेकूंवरून सुटेल इतकं उचललं, आतली उभी कपाटं बाहेरूनच काठीने पाडली, टेकू थोडेथोडे उतरवत हातव्हॉल्व्ह पाव-पाव फेरा उघडला आणि छप्पर पूर्ण खाली बसवलं. दोर सैल पडल्यावरच सिलिंडर खोलला. तो गाडीच्या डिकीत टाकून म्हापसा, अस्नोडामार्गे डिचोली गाठली. शुक्रवारी निघाल तर म्हापसा टाळा, बाजाराच्या गर्दीत अडकाल. दुपारी एकनंतर बरीच दुकानं जेवणासाठी आणि झोपेसाठी बंद होतात, रविवार तर धरूच नका.

मिस्त्रीने सिलिंडरमधून आतबाहेर सरकणारा दांडा पुसला आणि माझं नख त्यावरून फिरवायला लावलं. “ताई, लागतंय ना काही? सील काय वाईट नव्हतं. ह्या खड्ड्यांनी कापलं त्याला.” छप्पर वर असतं तेव्हा दांडा बाहेर असतो, म्हणजे समुद्रकाठी मुक्काम लांबेल तितका तो खारं वारं खातो. क्रोमवर बारीक खड्डे पडतात आणि प्रत्येक उचलीला सील कानशीवर घासल्यासारखं झिजतं. त्याने दांडा पॉलिश करून नवं सील बसवलं, पण पुढच्या मोसमाआधी हार्ड क्रोम (क्रोमचा नवा जाड मुलामा) करून घ्या असं बजावलं. माझ्या मते हे काम घरी परतल्यावर लगेच करावं. नुसतं सील बदलत राहणं म्हणजे पैसे घालवणं.

तेलाबद्दल तो फारच ठाम होता. टिपरसाठी सगळीकडे ६८ नंबरचं मिळतं (नंबर मोठा तितकं तेल जाड), पण बारा व्होल्टच्या छोट्या पंपाला ३२ किंवा ४६ बरं. आंबोलीच्या थंडीत जाड तेलाने मोटर धापा टाकते. अडीनडीला ब्रेक ऑइल ओतायचं मात्र नाही, त्याने साध्या रबराची सीलं फुगतात.

छप्पर खाली असताना आतली चूल बंद. वाडी खाजगी असल्याने आम्ही ओसरीवर पेज आणि सुक्या बांगड्यावर भागवलं. सार्वजनिक जागी, किनाऱ्यावर उघड्यावर स्वयंपाक करायला गोव्यात बंदी आहे, तेव्हा तशी वेळ आल्यास सरळ खाणावळ गाठा. सासूबाईंच्या मते तो बांगडा हाच ह्या सहलीचा फायदा.

सिलिंडर बसवल्यावर हवा काढावी लागते: छप्पर थोडं वर, पूर्ण खाली, असं धक्के थांबेपर्यंत करायचं आणि मध्ये टाकीतलं तेल बघत राहायचं. आमचा मागचा डावा कोपरा त्यानंतरही बोटभर खाली राहत होता. त्या दोराचा टर्नबकल (ताण कमीजास्त करायचा आट्यांचा जोड) आवळला, चारही कोपरे टेपने मोजले आणि दांड्यावर ग्रीस लावून त्याला जुन्या ट्यूबची बाही चढवली. दोर नव्याने ताण घेतात, म्हणून सावंतवाडीला चहासाठी थांबलो तेव्हा छप्पर उचलून पुन्हा एकदा मोजलं.