पॅरिसचा शेवटचा दिवस आणि चौदा जणांचा परतीचा प्रवास

विमान रात्री नऊचं, हॉटेलची खोली मात्र सकाळी अकराला सोडायची. बॅगा हॉटेलच्या लगेज रूममध्ये ठेवून आम्ही चौदा जण मोंमार्त्र या टेकडीवरच्या भागाकडे निघालो. शेवटच्या दिवशी एकच ठिकाण, तेही स्टेशनाजवळचं, हे आदल्या रात्रीच ठरवलं होतं. उरलेली दोन संग्रहालयं उरकून घेऊ असं काहींचं म्हणणं होतं. ऐकलं नाही ते फार बरं झालं.

तिथल्या साक्रे-कूर चर्चच्या टेकडीला बाजूने 222 पायऱ्या आहेत. गुडघे दुखणाऱ्यांनी शेजारच्या फ्युनिक्युलरने, म्हणजे चढावर तारेने ओढल्या जाणाऱ्या छोट्या गाडीने, जावं, मेट्रोचंच तिकीट चालतं. चर्चमध्ये प्रवेश मोफत आहे. 1914 साली बांधून झालेली ही वास्तू अजून इतकी पांढरी कशी, असं मामांनी विचारलं. तिचा दगड शातो-लांदों भागातला आहे. पाऊस पडला की त्यातून कॅल्साइट हे पांढरं खनिज पाझरतं आणि दगड पांढरा राहतो. पायऱ्यांवर बसून सगळं शहर बघत तासभर कुणी फारसं बोललं नाही. सबंध सहलीतला माझा सगळ्यात आवडता तास तोच.

तिथल्याच एका दुकानातून काकूंनी अंजिराच्या जॅमची मोठी बरणी घेतली आणि पर्सशेजारच्या पिशवीत ठेवली. मी म्हटलं, "काकू, ही मोठ्या बॅगेत जाईल हं. जॅमसुद्धा द्रवातच धरतात, 100 मिलीच्या वर हातात नेऊ देत नाहीत." बरणी दोन स्वेटरांत गुंडाळून आत गेली. पॉवर बँकचं नेमकं उलट असतं. ती हातातल्याच बॅगेत हवी, चेक-इनच्या सामानात चालत नाही. हॉटेलमध्येच प्रत्येकाला विचारलं, तर दोघांच्या मोठ्या बॅगांतून निघाल्या.

गार दू नॉर स्टेशनहून आरईआर बी ही लोकल गाडी थेट शार्ल द गोल विमानतळावर जाते. पण ओलने-सू-बुआ स्टेशनला या मार्गाला दोन फाटे फुटतात आणि काही गाड्या मित्री-क्लेकडे वळतात. त्यामुळे फलाटावरच्या पाटीवर विमानतळाचं नाव दिसल्याशिवाय चढू नका. टर्मिनल 1 आणि 3 साठी विमानतळाच्या पहिल्या स्टेशनवर उतरायचं, टर्मिनल 2 साठी दुसऱ्यावर. पहिल्या स्टेशनवरून टर्मिनल 1 ला फुकटची छोटी रेल्वे नेते. आम्ही सात-सातचे दोन गट करून वेगवेगळ्या डब्यांत चढलो. एका दारातून चौदा जण आणि तेवढ्याच बॅगा वेळेत चढणं शक्यच नव्हतं.

आता डिटॅक्स, म्हणजे खरेदीवरच्या कराचा परतावा. सामान चेक-इन करण्याआधी पाब्लो नावाच्या यंत्रावर दुकानातून मिळालेल्या फॉर्मचा बारकोड स्कॅन करायचा. हिरवी खूण आली की झालं. नाही आली तर शेजारच्या कस्टम्सच्या खिडकीवर जायचं. तिथे वस्तू दाखवायला सांगू शकतात, म्हणून बॅग तोवर हातात हवी. आमच्यातल्या एका दादांनी गडबडीत बॅग आधीच बेल्टवर दिली. यंत्राने नेमका त्यांचाच फॉर्म नाकारला आणि दाखवायला हातात काहीच नव्हतं. परतावा बुडाला. फार वाईट वाटलं, कारण रांगेत त्यांना पुढे जा म्हणणारी मीच होते. ज्याच्या पासपोर्टवर फॉर्म आहे तो माणूसही हजर लागतो. या सगळ्यासाठी विमानाच्या चार तास आधी पोचा. आम्ही साडेतीन तास आधी पोचलो आणि ते कमी पडले.

विमानात सगळे झोपले. उतरल्यावर मात्र आपापली बॅग मिळाली की माणसं बाहेर पळायला लागतात, ते होऊ देऊ नका. तेरा बॅगा आल्या, काकूंची आली नाही. तक्रार त्या हॉलमधून बाहेर पडायच्या आधीच नोंदवायची असते. त्यासाठी बोर्डिंग पासला चिकटवलेली सामानाची चिठ्ठी लागते, आणि बॅगेचा फोटो असला तर वर्णन करणं सोपं जातं. फोटो मी हॉटेलच्या दारातच सगळ्यांच्या बॅगांचे काढून ठेवले होते. चौदाही जण त्या खिडकीपाशी थांबले, नोंद होईपर्यंत कुणी हललं नाही.

तिसऱ्या दिवशी बॅग घरपोच आली. काकूंचा लगेच फोन आला: बरणी शाबूत आहे.