‘भूत कधी येणार?’

‘तुंबाड’ हा सिनेमा परत लागणार म्हटल्यावर आमच्या थिएटरच्या बुकिंगवाल्यांनी त्याला सगळ्यात छोटा स्क्रीन दिला. मीही काही बोललो नाही. १२ ऑक्टोबर २०१८ला तो पहिल्यांदा लागला तेव्हा मी इथेच ड्यूटी मॅनेजर होतो. नवरात्र सुरू, अख्खं नाशिक कालिकेच्या जत्रेत, आणि आमच्या रात्रीच्या शोला जेमतेम दोन रांगा.

पेपरात मात्र कौतुकाचा पाऊस. व्हेनिसच्या महोत्सवात क्रिटिक्स वीकचं उद्घाटन याच सिनेमाने झालेलं. पंकज कुमार यांच्या कॅमेऱ्याची तारीफ बहुतेकांनी केली. पुढे छायाचित्रण, कलादिग्दर्शन आणि ध्वनी यांना फिल्मफेअरही मिळालं. पण समीक्षकांनी ‘वातावरण’, ‘लोभाचं रूपक’ असं लिहायचं आणि पोस्टरने भयपट म्हणून विकायचं, यात तिकीट काढणारा फसतो. तो दचकायला आलेला असतो. त्याला मिळतो १९१८ सालचा पडका वाडा, न थांबणारा पाऊस आणि साखळीने बांधलेली म्हातारी. मग १९३३, मग १९४७. दाराशी उभं राहून मी तेव्हा एकच प्रश्न ऐकायचो, ‘‘भूत कधी येणार होतं?’’

१४ सप्टेंबर २०२४, शनिवार. गणपतीचे दिवस, वरून पाऊस, गंगापूर रोड तुंबलेला. तरी दुपारीच संध्याकाळचा शो फुल झाला. धावपळ करून मोठ्या स्क्रीनवर हलवला, तर तिथला लॅम्प जुना. पहिल्या दहा मिनिटांत कंदिलाच्या उजेडातली दृश्यं नुसती चिखलासारखी दिसायला लागली. प्रोजेक्शनच्या पोराला फोन करून करंट वाढवायला लावला, तेव्हा कुठे वाड्याच्या भिंती दिसल्या. हा सिनेमा अंधारातच घडतो; लॅम्प पैसे वाचवायला मंद ठेवणाऱ्या थिएटरात तो बघून कुणी ‘कंटाळवाणा’ लिहिलं, तर त्याला काय दोष द्यायचा?

इंटरव्हलला पॉपकॉर्नच्या काउंटरवर चार-पाच कॉलेजची पोरं. एक मला म्हणाला, ‘‘सर, भूत कधी येणार?’’ मी तोंड उघडणार, तोच शेजारचे काका वळले. सराफ बाजारात पेढी आहे म्हणे.

‘‘अरे, भूत केव्हाचं आलंय. तो पोरगा सोन्याची मुद्रा मोडायला जातो ना, तेच.’’

पोरं हसली. त्यातल्या एकाने हा सिनेमा मोबाइलवर तीनदा पाहिला होता, तो बाकीच्यांना गप्प करत होता. मला वाटतं फरक इथेच पडला. मधल्या वर्षांत लोकांनी तो घरी पाहून एकमेकांना सांगितलं होतं की दचकायला जाऊ नका, भिजायला जा. हे एक वाक्य २०१८च्या परीक्षणात ठळक छापून आलं असतं, तर माझ्या रिकाम्या रांगा थोड्या तरी भरल्या असत्या.

उत्तरार्धात कणकेच्या बाहुल्या निघाल्या तेव्हा मागून आत डोकावलो. मोबाइलचा एकही स्क्रीन पेटलेला नव्हता. शनिवारी संध्याकाळी असं होत नाही.

पुनःप्रदर्शनात सिनेमाने पहिल्या वेळच्या एकूण कमाईपेक्षा जास्त कमावलं. आम्हीही सोमवारपासून शो वाढवले.

काका बाहेर आले ते तक्रार घेऊनच. सिनेमा आवडला, पण त्यातल्या सावकार राघवने मुद्रेला भाव पाडून दिला, हे काही त्यांना पटलेलं नव्हतं. त्यांचा हिशेब ऐकता ऐकता माझं डीसीआर, म्हणजे दिवसाच्या गल्ल्याचा हिशेब, पाठवायचं राहिलं.