पंचविसाव्या हिश्श्यातले जग: तोबू वर्ल्ड स्क्वेअर नीट कसे पाहावे

जपानमध्ये निक्कोच्या शेजारी किनुगावा ओनसेन हे गरम पाण्याच्या झऱ्यांचे गाव आहे. १९९३ साली तिथे तोबू वर्ल्ड स्क्वेअर हे प्रतिकृतींचे उद्यान सुरू झाले. २१ देशांतल्या शंभरावर वास्तू, त्यांच्या अवतीभवती १ लाख ४० हजार इवली माणसे आणि मुद्दाम खुजी ठेवलेली वीसेक हजार खरी झाडे असा हा पसारा आहे. तरी बरेच जण तासाभरात फेरी संपवतात, प्रत्येक इमारतीसमोर एकेक फोटो काढतात आणि ‘मुलांना आवडेल’ म्हणत बाहेर पडतात. याला कारण उद्यान नव्हे, पाहण्याची उंची. दीड मीटरवरून खाली पाहिले तर इथले सगळे खेळणे वाटते. तीच नजर खाली आणली की चित्र पार बदलते.

आधी प्रमाण समजून घेऊ. इथली प्रत्येक वास्तू १:२५ या प्रमाणात आहे. पावणेदोन मीटर उंचीचा माणूस ७ सेंटिमीटरचा होतो. आपले डोळे जमिनीपासून दीड मीटरवर असतात. त्याला २५ ने गुणले की साडेसदतीस मीटर होतात, म्हणजे साधारण बाराव्या मजल्याची उंची. उभ्याने पाहणारा माणूस प्रत्येक वास्तू बाराव्या मजल्याच्या गच्चीवरून पाहत असतो. ताजमहालासमोर जाऊन कोणी असा पाहतो का?

म्हणून पहिली गोष्ट म्हणजे खाली बसायचे. उकिडवे बसून डोळे प्रतिकृतीतल्या माणसांच्या पातळीला आणायचे. सगळ्याच प्रतिकृती वाटेच्या पातळीवर नसतात, काही उंचवट्यावर असतात, तिथे नुसते कमरेत वाकले तरी भागते. दुसरी गोष्ट म्हणजे एक डोळा मिटायचा. हे खुळचट वाटेल, पण त्यामागे पक्के कारण आहे. आपल्या दोन डोळ्यांत साडेसहा सेंटिमीटरच्या आसपास अंतर असते. दोन्ही डोळ्यांना किंचित वेगळे चित्र दिसते आणि त्या फरकावरून मेंदू अंतर ताडतो. दोन मीटरवरच्या वस्तूसाठी हा फरक चांगलाच जाणवण्याइतका असतो, त्यामुळे ‘हे जवळ आहे, म्हणजे लहान आहे’ असा निवाडा मेंदू लगेच देतो. खरी इमारत पन्नास मीटरवर असते आणि तिथे हा फरक जवळपास नाहीसा होतो. एक डोळा मिटला की तो पुरावाच उरत नाही. दहा-पंधरा सेकंद तसेच थांबा. पायऱ्यांवरची माणसे आधी खरी वाटू लागतात, मग त्यांच्या मागचे खांब उंच होत जातात. मुलांना हे मोठ्यांपेक्षा लवकर जमते, कारण त्यांना वाकावेही लागत नाही.

सगळीकडे एकच प्रमाण असणे ही या जागेची खरी दौलत आहे. चीनमध्ये शेंझेनला ‘विंडो ऑफ द वर्ल्ड’ हे असेच प्रतिकृतींचे उद्यान आहे. तिथला आयफेल टॉवर १०८ मीटर उंच, म्हणजे मूळच्या एक तृतीयांश आहे, पण बाकीच्या वास्तू वेगवेगळ्या प्रमाणांत आहेत. भव्यता तिथे भरपूर मिळते, तुलना मात्र करता येत नाही. इंग्लंडमधले बेकन्स्कॉट १९२९ पासूनचे, तिथे प्रमाण १:१२. हेगचे मादुरोडाम १९५२ साली १:२५ मध्ये उभे राहिले. पुढे ऑस्ट्रियातले मिनिमुंडुस, ब्रसेल्सचे मिनी-युरोप आणि इस्तंबूलचे मिनियातुर्क यांनीही हेच प्रमाण घेतले. ते सोयीचेच आहे. माणूस ७ सेंटिमीटरचा राहतो, त्यामुळे त्याची ढब, कपडे, हातातली पिशवी दिसते, आणि आयफेल टॉवर १२-१३ मीटरांत बसतो. १:१२ ने तोच सत्तावीस मीटरांवर गेला असता.

एकाच प्रमाणामुळे फोटोंनी डोक्यात घातलेले गैरसमज इथे उभ्या उभ्या दुरुस्त होतात. पुस्तकात ताजमहाल आणि रोमचे सेंट पीटर्स सारख्याच आकाराच्या चौकटीत छापलेले असतात. इथे ताजचा घुमट जेमतेम २.९ मीटरवर संपतो आणि सेंट पीटर्सचा साडेपाच मीटरांच्या आसपास जातो. अथेन्सचे पार्थेनॉन हे प्राचीन मंदिर पाहून तर पुष्कळ लोक चकित होतात. खरे पार्थेनॉन सुमारे ६९ मीटर लांब, पण उंचीला चौदा मीटरांहूनही कमी, म्हणून इथे ते गुडघ्याच्या थोडे वर येते. क्योतोचा किन्काकुजी, म्हणजे सोन्याचा मंडप, खरा साडेबारा मीटरचा, इथे अर्धा मीटर. याउलट टोकियो स्कायट्री ६३४ मीटरचा, त्याची प्रतिकृती साडेपंचवीस मीटरांच्या आसपास भरते आणि तिच्यासाठी मान वर करावीच लागते. ही प्रतिकृती २०१० मध्ये लोकांसाठी खुली झाली, खरा मनोरा त्यानंतर दोन वर्षांनी, २०१२ मध्ये. अमेरिकेच्या भागात न्यूयॉर्कचे जुळे मनोरेही अजून उभे आहेत. ४१७ मीटरांचे पावणेसतरा मीटर झालेले ते मनोरे एम्पायर स्टेटच्या सोबत पाहिले की त्या शहराची जुनी आकाशरेषा कशी होती ते कळते.

मुलांना कंटाळा येऊ नये म्हणून एकच काम द्यावे. दारात उभे असलेले एखादे माणूस हेरायचे आणि इमारत अशा किती माणसांएवढी उंच आहे ते बोटाने मोजायचे. दहा मिनिटांत प्रमाण हे प्रकरण त्यांना शाळेत वर्षभरात कळते त्याहून जास्त कळते.

आता प्रमाण कुठे मोडते ते. इमारत लहान करता येते, निसर्ग करता येत नाही. तीन सेंटिमीटर वाढलेले गवत त्या माणसांच्या जगात पाऊण मीटरचे रान असते. मेपलचे सहा सेंटिमीटरचे पान पडले की चौकात दीड मीटरची चटई. एखादी चिमणी राजवाड्याच्या छपरावर बसली तर तो साडेतीन मीटरचा पक्षी झाला. म्हणूनच इथे माळ्यांचे काम मूर्तिकारांइतकेच मोलाचे आहे. बारीक पानांची झाडे निवडायची, सतत छाटायची आणि पाचोळा उचलत राहायचा. चांगल्या निगेची खूण पाहायची तर भिंती सोडून झाडे पाहा. फांदीची जाडी आणि पानाचा आकार शेजारच्या खिडकीशी जुळतो का, एवढेच ताडा. जुळला की ती वास्तू फोटोत तरून जाते.

फोटोंत सगळ्यांत मोठी चूक होते ती पोर्ट्रेट मोडची. मागचे धूसर झाले की डोळ्याला लगेच कळते की वस्तू लहान आहे, कारण पन्नास मीटरवरच्या खऱ्या इमारतीच्या फोटोत पुढचे-मागचे दोन्ही स्वच्छ असते. पोर्ट्रेट मोड बंद ठेवा. फोनचा सेन्सर लहान असल्यामुळे फोकसची खोली, म्हणजे पुढे-मागे स्वच्छ दिसणारा पट्टा, आपोआप जास्त मिळते, इथे तो मोठ्या कॅमेऱ्याला मागे टाकतो. फोन उलटा धरा, म्हणजे लेन्स खाली येते. ती जितकी इवल्या माणसांच्या डोक्याच्या पातळीला येईल तितके चांगले. खालून काढल्याने मागचे पर्यटक आणि कुंपण इमारतीआड जातात आणि वर फक्त आकाश किंवा किनुगावाचे डोंगर उरतात. फुल-फ्रेम कॅमेरा असेल तर २४ मिमी लेन्स, एफ/११ आणि फोकस दोन मीटरवर ठेवावा, मग साधारण एक मीटरपासून थेट क्षितिजापर्यंत सगळे रेखीव येते. ५० मिमी लेन्सने तोच फोकस ठेवला तर जेमतेम दीड ते पावणेतीन मीटरमधला पट्टाच स्वच्छ मिळतो आणि मागचा मनोरा विरघळतो. हात किंवा सेल्फी-स्टिक कुंपणापलीकडे नेऊ नका. एका धक्क्याने माणसांची रांगच्या रांग आडवी होते आणि त्यांना पुन्हा चिकटवायला कुणाला तरी गुडघ्यावर बसावे लागते.

व्हिडिओचे गणित मला फार आवडते. कारंज्याचे पाणी, फडकणारा झेंडा, पाण्यावरची होडी हे सगळे लहान प्रतिकृतीत फार भरभर हलताना दिसते, कारण गुरुत्वाकर्षण काही पंचविसाव्या हिश्श्याचे झालेले नसते. उंची २५ पट कमी झाली की पडायला लागणारा वेळ तिच्या वर्गमुळाइतका, म्हणजे ५ पट कमी होतो. म्हणून सेकंदाला १२० फ्रेमने चित्रीकरण करून २४ ने दाखवले की वेग नेमका पाचपट मंदावतो आणि पाणी योग्य वजनाने पडू लागते. थेंब मात्र थेंबच राहतो. तीन मिलिमीटरचा थेंब त्या जगात साडेसात सेंटिमीटरचा होतो, तेव्हा कारंजे फार जवळून टिपू नये.

उजेडासाठी सकाळ किंवा दुपार उतरल्यावरची वेळ निवडावी. भर दुपारी ऊन डोक्यावर असते, नक्षीची सावली पडत नाही आणि कोरीव काम सपाट दिसते. तिरप्या उन्हात तेच काम उठून येते. मी सांगेन की पहिली फेरी फोटो न काढता मारावी, कोणत्या वास्तूचे तोंड केव्हा उजेडात येते ते पाहावे आणि दुसऱ्या फेरीत मोजक्या दहा-बारा वास्तू निवडाव्यात. शंभर वास्तू एकाच ताणाने पाहिल्या तर शेवटच्या वीस-पंचवीस नुसत्याच नजरेखालून जातात. जपानचा भाग शेवटी घाईत उरकला जातो, ते टाळा. होर्युजी मंदिराचा पाच मजली पॅगोडा आणि त्याची छपरे सव्वा मीटरच्या आसपास उंचीत इतक्या बारकाईने बसवली आहेत की तिथे पाच मिनिटे बसावेच. सगळे मिळून अडीच ते तीन तास धरा. वाकणे-बसणे बरेच होते, तेव्हा गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी छोटी घडीची चटई जवळ ठेवावी.

हे उद्यान बहुतांशी उघड्यावर आहे. हलका पाऊस येऊन गेला की ओल्या फरश्या चमकतात आणि पुसट झालेले रंग खुलतात, त्यामुळे अशा दिवसाचे फोटो उत्तम येतात. छत्रीपेक्षा रेनकोट बरा, कारण वाकलेल्या माणसाच्या छत्रीची टोके शेजाऱ्याच्या तोंडाशी येतात. हिवाळ्यात उद्यान लवकर बंद होते. तेव्हा सकाळची पहिली गाडी धरावी.

जायचे तर टोकियोत असाकुसा स्टेशनवरून तोबू रेल्वेची मर्यादित थांब्यांची एक्सप्रेस घ्यावी. दोन तासांच्या आसपास वेळ लागतो. या गाडीला मूळ भाड्याशिवाय वेगळे एक्सप्रेस तिकीट लागते, ते आधी काढले नाही तर सुट्टीच्या दिवशी जागा मिळणे कठीण. तोबू ही खासगी कंपनी, त्यामुळे जपान रेल्वेचा देशभर चालणारा जेआर पास या मार्गावर चालत नाही. २०१७ पासून उद्यानाच्या दाराशीच तोबू वर्ल्ड स्क्वेअर नावाचे स्टेशन आहे, पण प्रत्येक एक्सप्रेस तिथे थांबतेच असे नाही. गाडी थांबत नसेल तर किनुगावा-ओनसेनला उतरून बसने किंवा लोकलने मागे यावे, दोन्ही अंतरे अगदी थोडी आहेत. निक्कोहून येत असाल तर शिमो-इमाइचीला गाडी बदलावी लागते. परतीची जागा सकाळीच राखून ठेवा आणि ती संध्याकाळी उशिराची घ्या. उन्हाची तिरीप शेवटच्या तासात आली की दहा वास्तू पुन्हा पाहाव्याशा वाटतात.