नाव घालून पाहिजे? मग आधी नाव नीट विचारून घ्या

आहेरात भांडं द्यायचं म्हणजे त्याच्यावर नाव घातलंच पाहिजे, हे आमच्या बेळगावकडं अजून चालू आहे. लग्नसराईत बाजारात भांड्याच्या दुकानात गेलात की तो इलेक्ट्रिकचा पेन घेऊन बसलेला माणूस असतोयच, कर्रकर्र आवाज करत टिंब टिंब करून अक्षरं काढतोय, अक्षरामागं पैसे घेतोय, आणि आपण बाजूला उभं राहून "पाटीलला दुसरी वेलांटी वो" म्हणून सांगत राहायचं. पण त्या भांड्यावर मोठं नाव कुणाचं असतंय बघा, तर देणाऱ्याचं. अमुक अमुक यांजकडून सप्रेम भेट. त्याला कारणही होतं म्हणा, वीस-पंचवीस वर्षांनी तांब्या उचलला तरी तो कुठल्या काकांनी दिलेला ते कळायचं, आणि घरच्या पातेल्यावर घरचं नाव असलं की जेवणावळीला इकडचं तिकडं गेलेलं पातेलं बरोबर परत यायचं.

आता हे नेम आर्टचं जे आलंय, म्हणजे फ्रेममध्ये नाव, भोवती पानंफुलं नाहीतर नुसतीच सुंदर अक्षरं, त्यात सगळं उलटं आहे. देणाऱ्याचं नाव कुठंच नाही, फक्त घेणाऱ्याचं. म्हणून मला ते आवडतं. मी हे घरी बसून लॅपटॉपवर करते, आधी नात्यातल्यांना दिलं, मग त्यांच्या ओळखीतले मागायला लागले, आता लग्नसराई आणि दिवाळीच्या आधी बऱ्यापैकी काम असतंय. आणि एवढ्या सगळ्यात एक गोष्ट पक्की कळलीय की लोक रंग कुठला, फ्रेम कुठली, गुलाब की कमळ यावर तासभर बोलतात आणि नाव मात्र व्हॉट्सअपवर इंग्लिशमध्ये टाकून मोकळे होतात. आता त्या इंग्लिश स्पेलिंगवरून ईशा का इशा, तन्वी का तनवी, मी कुठून ओळखायचं. त्यात फोनवर इंग्लिशमधून मराठी करणारा कीबोर्ड असतोय, तो येळ्ळूरकरचं येल्लूरकर करून टाकतो आणि पाठवणारा न बघता पाठवतो. आमच्याकडं तर अर्धी आडनावं गावावरून, येळ्ळूरकर, सांबरेकर, उचगावकर, कंग्राळकर, त्यात एक ळ चुकला की तो माणूस ती फ्रेम हॉलमध्ये कशाला लावेल, कपाटावर टाकणार. म्हणून माझा नियम, नाव मराठीत टाइप करून पाठवा, नाहीतर कागदावर लिहून फोटो पाठवा, लग्नपत्रिका असली तर सगळ्यात बेस्ट.

बारशाला तर वेगळीच भानगड असते. नाव आतून ठरलेलं असतंय पण सांगायचं नसतंय, आत्या येणार, बाळाला पाळण्यात घालणार, कानात कुर्रर्र करून नाव सांगणार, मग सगळ्यांना कळणार. आणि फ्रेम तर आधी करून तयार पाहिजे. आमच्या नात्यातल्या एका बारशाला काय झालं, प्रिंट करणाऱ्यानं फ्रेम छान झाली म्हणून खुशीत स्टेटसला टाकली, आणि त्याचा नंबर अर्ध्या गल्लीकडं. सकाळी दूध घ्यायला गेलेल्या आजोबांना शेजारच्यांनी नातीचं नाव घेऊन अभिनंदन केलं! आत्याबाई दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत. तेव्हापासून बारशाची फाइल देताना मी दुकानात चारचौघात मोठ्यानं सांगते, स्टेटसला टाकायचं नाही म्हणून. जन्मतारीख, वेळ, वजन असं सगळं घातलेल्या फ्रेमा पण चालतात, पण त्या मला दवाखान्याच्या कार्डासारख्या वाटतात, नाव मोठं आणि खाली तारीख एवढं पुरे. आणि नेटवरून उचललेला "नावाचा अर्थ" तर अजिबात नको, तीन साइटवर तीन अर्थ असतात.

लग्नाच्या फ्रेमला प्रश्न वेगळा. आपल्याकडं ताटात तांदूळ पसरून त्यात अंगठीनं नव्या सुनेचं नाव लिहायची पद्धत आहे, काही घरात पहिलं नावसुद्धा बदलतात, काही घरात फक्त आडनाव, आणि आता बऱ्याच मुली काहीच बदलत नाहीत, सगळी कागदपत्रं कोण परत करत बसणार. फ्रेमची ऑर्डर देणारे असतात मित्र नाहीतर मामा-मावशी, ते आपल्या मनानं नवऱ्याचं आडनाव लावून मोकळे. मी त्यांना सांगते, गुपचूप का होईना, मुलीला विचारा, नाहीतर तिच्या बहिणीला विचारा. ते पण जमत नसेल तर नुसती दोघांची पहिली नावं घालूया आणि खाली लग्नाची तारीख, त्यात कुणाचं काही बिघडत नाही. आणि दोन्ही नावं एका मापाची. त्याचं मोठं आणि तिचं खाली बारीक असलं डिझाइन मी करत नाही, कुणी कितीही सांगू दे.

आता अक्षरांचं. खरं काम इथं आहे आणि हे कुणाला दिसत नाही. नेटवर फुकट मिळणारे सजावटीचे देवनागरी फॉन्ट बरेचसे हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेले, काहींत तर ळ च नसतो, मग ळ च्या जागी रिकामा चौकोन येतो नाहीतर तेवढंच अक्षर दुसऱ्या फॉन्टमधलं येऊन बसतं. ळ्ळ असलं जोडाक्षर आलं तर मग विचारूच नका, पहिला ळ पाय मोडून उभा. श्रद्धामधला द्ध, विठ्ठलमधला ठ्ठ, कुऱ्हाडेमधला ऱ्ह, हे मी फॉन्ट घेतल्या घेतल्या पहिल्यांदा टाइप करून बघते, यात पास झाला तरच पुढं. तसंच ल आणि श. मराठीत पाकळीचा ल आणि देठाचा श, महाराष्ट्र सरकारनं 2009 च्या शासन निर्णयात पण हीच रूपं वापरायला सांगितलीत, पण बहुतेक फॉन्टमध्ये आपोआप येतात ती हिंदीची. आम्ही कर्नाटकात राहत असलो म्हणून काय झालं, ल आमचा तोच की. गुगल फॉन्ट्सवर "तिरो देवनागरी मराठी" म्हणून फॉन्ट आहे, फुकट, त्यात मराठी वळणाचीच अक्षरं येतात, साध्या शांत फ्रेमला मी तोच वापरते.

मोबाइलवर कॅनव्हा नावाच्या डिझाइनच्या अॅपमध्ये स्वतः करणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा, अक्षरांमधलं अंतर वाढवायचं ते बटण मराठीला वापरू नका. इंग्लिशमध्ये ते छान मोकळं मोकळं दिसतं, आपल्यात शिरोरेषा तुटते आणि नावाचे तुकडे पडतात. नाव गोलाकार वळवलं तरी तेच. नुसती आउटलाइन ठेवून आत पोकळ अक्षर केलं तर काना-मात्रा जिथं जोडलेल्या असतात तिथं आतल्या रेघा दिसायला लागतात. फोटोशॉपमध्ये वेलांटी भलतीकडं गेली किंवा जोडाक्षर फुटलं तर सेटिंगमध्ये टाइपखाली वर्ल्ड-रेडी लेआउट चालू करा, इलस्ट्रेटरमध्ये शो इंडिक ऑप्शन्स असतं, बहुतेक वेळा तेवढ्यानं काम होतं. आणि प्रिंटवाल्याकडं फाइल देताना अक्षरं कर्व्ह करूनच द्या, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून, नाहीतर त्याच्या कोरल सॉफ्टवेअरमध्ये तो फॉन्ट नसतो आणि तो बिचारा आपल्याकडचा कुठलातरी लावून छापतो. कर्व्ह केल्यावर फाइल कुठंही उघडली तरी अक्षर हलत नाही.

परदेशात एक प्रकार फार चालतो, अक्षरासारख्या दिसणाऱ्या वस्तूंचे फोटो काढून ते ओळीनं लावून नाव करायचं. उघडलेली शिडी म्हणजे ए, विजेचा खांब म्हणजे टी, असं. मराठीत हे जमत नाही, वेलांटीचा फोटो कुठून आणणार, आणि शिरोरेषा नसली तर ते नाव वाचायचं कसं. पण भाच्याच्या इंग्लिश नावाची आम्ही अशी फ्रेम केली आणि सुट्टीत घरातल्या सगळ्या पोरांना कामाला लावलं. जात्याचा ओ झाला, किल्ल्यातली कमान उलटी करून यू झाला, जुन्या वाड्याच्या खिडकीचे गज आणि मधली पट्टी मिळून एच. पोरं नंतर आठवडाभर रस्त्यात चालताना अक्षरंच शोधत होती. एवढंच की कॅम्पात मराठा सेंटरच्या आसपास मोबाइल वर करू नका, लष्कराची जागा आहे, फोटोला मनाई असते. अशा फ्रेमला फोटो सगळे ब्लॅक अँड व्हाइट ठेवा, नाहीतर प्रत्येक फोटोचा उजेड वेगळा असतो, एकत्र लावले की ठिगळं दिसतात.

आणि आमच्याकडची खास मागणी म्हणजे दोन्ही लिपी. माझ्या बहिणीचे मिस्टर कन्नड, घरात दोन्ही भाषा, मुलगी आईशी मराठी बोलते आणि अज्जीशी कन्नड, आणि असली घरं बेळगाव, चिकोडी, निपाणीकडं काही कमी नाहीत. तिच्या फ्रेमवर नाव दोन्हीत पाहिजे होतं. दोन वेगवेगळे फॉन्ट घेतले की एक नाव जाडजूड आणि एक हडकुळं दिसतं, मग बघणारा म्हणणार हे मुद्दाम केलंय. यावर चांगला उपाय म्हणजे बालू, मुंबईच्या "एक टाइप" या फॉन्ट करणाऱ्या मंडळींनी केलेला फॉन्ट, त्याचा देवनागरी आणि कन्नड असा जोड आहे, कन्नडवाल्याचं नाव बालू तम्मा. दोन्ही गुबगुबीत, एकाच घरातले वाटतात, आणि फुकट. तरी कन्नडला शिरोरेषा नाही आणि अक्षरं गोल, त्यामुळं आकडा सारखा ठेवला तरी डोळ्याला सारखं दिसत नाही, थोडं कमी-जास्त करून लांबून बघायला लागतं. वर कुठलं आणि खाली कुठलं यावर दोन्ही आज्यांची चर्चा झाली, शेवटी शेजारी-शेजारी लावलं. दुकानाच्या पाटीवर 60 टक्के कन्नड पाहिजे असा 2024 पासून कायदा आहे, घरातल्या भिंतीला तो लागू नाही, तिथं आज्यांचा कायदा.

प्रिंटचं थोडक्यात सांगते. भिंतीवर लावायचं असेल तर ए-फोर हॉलमध्ये हरवून जातं, टेबलावर ठेवायला ठीक. डिजिटल प्रेसवर 12 बाय 18 इंचाचा कागद सगळीकडं मिळतो, त्या मापाला फाइल 3600 बाय 5400 पिक्सेल पाहिजे म्हणजे 300 डीपीआय, इंचाला 300 ठिपके, पडतं. फाइल व्हॉट्सअपवर फोटो म्हणून पाठवली की दबून बारीक होते, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. 300 जीएसएमचा, म्हणजे जाडसर, आर्ट कार्ड आणि मॅट लॅमिनेशन. चकचकीत नको, ट्यूबलाइट त्याच्यातच दिसते. स्क्रीनवर दिसणारा तो भडक गुलाबी आणि निळा कागदावर येत नाही, छपाईचे रंग वेगळे असतात, म्हणून पहिल्यांदा एक लहान प्रूफ काढून बघा.

पाऊस मात्र आमचा खरा शत्रू. बेळगावात चार महिने पाऊस, आणि खानापूरच्या जांबोटी-कणकुंबी पट्ट्यात तर भिंतीला हात लावला तरी ओला होतो. तिकडं दिलेली एक फ्रेम श्रावणात काढून बघितली तर मागं काळी बुरशी आणि प्रिंट काचेला चिकटलेलं. आता त्या भागात फ्रेम जाणार असली तर प्रिंटभोवती माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट, लावतेच, म्हणजे कागद आणि काच यात फट राहते, मागची बाजू टेपनं सगळीकडून बंद, आणि खालच्या दोन कोपऱ्यांना रबराच्या गोळ्या, म्हणजे फ्रेम भिंतीला टेकत नाही, मागनं वारं फिरतं. बाहेरच्या, पावसाच्या झोडपणाऱ्या भिंतीवर लावूच नका, आतल्या भिंतीवर लावा. पश्चिमेच्या खिडकीसमोर पण नको, दुपारचं ऊन रोज पडून साध्या इंकजेटचे रंग लवकर उतरतात. उंची म्हणाल तर फ्रेमचा मध्य जमिनीपासून 145 सेंटीमीटरच्या आसपास, उभ्या माणसाच्या नजरेला. आमच्याकडं लोक छताखाली लावतात, देवाच्या फोटोच्या लायनीत, आणि मग नाव वाचायला मान वर.

सध्या हातात असलेली ऑर्डर आमच्या येळ्ळूरच्या आतेभावाची आहे. त्याला फ्रेम पाहिजे गोठ्यात लावायला, बैलजोडीच्या नावाची. शर्यतीचे बैल, घरातल्या पोरांपेक्षा जास्त लाड. कागद गोठ्यात टिकणार नाही, शेण, पाणी, वाफ सगळंच असतंय, म्हणून त्याला व्हिनाइल प्रिंट एसीपी शीटवर, म्हणजे दुकानाच्या पाट्यांना वापरतात त्या अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर, चिकटवून देणार आहे, पुसलं तरी चालतं. फॉन्ट जाड पाहिजे, रंग भगवा पाहिजे, शिंगं पाहिजेत, सगळं सांगून झालं. मी विचारलं, कुणाचं नाव मोठं घालू, शर्यतीत पुढं कोण असतोय?

"दोघांचं एका मापाचं घाल गे बाई, एक रुसला तर गाडी कोण ओढणार?"